मिलिटरीचा साबण

बलभीमआण्णाला खोटं बोलायची सवय नव्हती, त्यामुळं एकदा बोलायला लागल्यावर कुठं थांबावं तेच त्याला कळेना. सराईत माणूस थोडं बोलतो आणि गप बसतो. आण्णाचं तसं नव्हतं. गळ्यात तुळशीची माळ, उभ्या जन्मात बिडीलासुद्धा हात न लावलेला माणूस. पण पोरगा फौजेतून मुदतीच्या आधी घरी आला आणि साठी उलटल्यावर म्हाताऱ्याला हा नवा धंदा शिकावा लागला.

पोरगा म्हणजे योगीराज. बर्फातल्या एका चौकीवर पहाटे त्यांच्या तंबूला आग लागली होती. रॉकेलच्या शेगडीनं पेट घेतला. बाकीचे बाहेर पडले, पण योगीराजच्या शेजारी झोपलेल्या नंदीशच्या झोपायच्या पिशवीची चेन अडकली. योगीराज ती ओढत राहिला, तळहात भाजून निघाले तरी ओढत राहिला, शेवटी दुसऱ्यांनी त्यालाच फरफटत बाहेर काढलं. नंदीश आत राहिला. कलबुर्गीकडचा पोरगा, म्हणजे आपल्या मुरुमकडच्या माणसाला शेजारगावचाच, दोघं एका ताटात जेवायचे. तळहात बरे झाले. बाकीचं काही बरं झालं नाही. फौजेच्या डॉक्टरांनी पुष्कळ दिवस बघितलं, आणि हा मनाचा आजार आहे, गोळ्या चालू ठेवा, डॉक्टर सोडू नका, एवढं स्पष्ट सांगून पेन्शनवर घरी पाठवलं.

आता यात लपवण्यासारखं काय होतं? पाय मोडून आला असता तर आण्णानं त्याला खांद्यावर घेऊन गावभर मिरवला असता. पण डोकं! डोक्याचं काही म्हटलं की गाव एकच शब्द बोलतं, आणि तो शब्द आपल्या अंगणात यावा हे आण्णाला सोसवेना. मग तो बोलायला लागला. योगीराजला बंद खोलीत झोप लागत नसे, भर थंडीत तो अंगणात खाट टाकी. आण्णा सांगे, "बर्फाची सवय हाय त्याला, घरात उकडायलंय." ऐकणारा स्वतः घोंगडं पांघरून कुडकुडत बसलेला असे.

कँटीनचं खोटं फाट्यावर सुरू झालं. श्रीशैलची चहाची टपरी तिथं आहे, एसटीची वाट बघणारा प्रत्येक माणूस तिथं बसतो आणि श्रीशैल प्रत्येकाला विचारतो. विचारल्याशिवाय त्याच्या चहाला उकळीच येत नाही.

"काय आण्णा, बापलेक कुठं जायलाव?"

जायचं होतं सोलापूरला, डोक्याच्या डॉक्टरकडं. आण्णाच्या तोंडून निघून गेलं, "कँटीनला."

फौजेतून सुटलेल्याला मिलिटरीच्या कँटीनमध्ये स्वस्तात सामान मिळतं हे गावाला माहीत होतं. त्या सामानात बाटलीही मिळते, हे गावाला जरा जास्तच माहीत होतं. श्रीशैलचे डोळे चमकले. आण्णानं घाईघाईनं माळेला हात लावला आणि म्हणाला, "आमी फकस्त साबण आणतो बाबा."

झालं! आता साबण आणणं आलं. डॉक्टरकडं नंबर लागेपर्यंत निम्मा दिवस जाई, कँटीनला जायला वेळ कुठला? मग आण्णा सोलापूरच्या स्टँडबाहेरच्या दुकानातून साबण घेई आणि फाट्यावर उतरताना पिशवीचं तोंड मुद्दाम उघडं ठेवी. एक वडी श्रीशैलला देई. श्रीशैल चार माणसांत सांगे, "मिलिटरीच्या साबणाचा फेसच येगळा." योगीराज हे सगळं ऐकून खाली बघत राही. सुरुवातीला एकदा तो म्हणाला होता, "आण्णा, कशाला हे? आजार हाय म्हणून सांगा की." आण्णानं त्याला गप केलं. "तुझ्या पोरीचं लगीन करायचंय का न्हाय पुढं?" पोरगी प्रतीक्षा तेव्हा पहिलीत होती.

असं करत गाडा चालला होता. गोळ्यांनी गुणही येत होता. योगीराज शेतात जायला लागला, प्रतीक्षाचा अभ्यास घ्यायला लागला, एकदोनदा तर आईची, कस्तुराबाईची थट्टासुद्धा केली त्यानं. आणि मग येळवस आली.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. धाराशिव-लातूरकडं त्या दिवशी गावात कुत्रंसुद्धा राहत नाही, सगळं गाव शेतात. कडब्याच्या पेंड्या उभ्या करून कोप करायची, तिच्यात चुना लावलेले पाच दगड, म्हणजे पाच पांडव, मांडायचे, वर शाल घालायची. भज्जी, उंडे, खीर, गाडग्यात आंबील. येईल त्याला बसवून जेवू घालायचं. आणि दिवस मावळताना कडब्याची एक पेंडी पेटवून ती घेऊन शेताभोवती पळायचं, अशी रीत.

योगीराजनं सकाळीच सांगितलं होतं, "आण्णा, पेंडी पेटवायच्या वक्ताला म्या घरी जातो. तुमी उरका." त्याची बायको अर्पितानंही भाकरी बांधता बांधता सासऱ्याला तेच सांगितलं, "मामा, त्यांना जाऊ द्या बरं का." आण्णा "बरं बरं" म्हणाला. पण त्या दिवशी सरपंच उमाशंकर जेवायला आला, सोबत त्याचे चार पाहुणे. जेवणं झाली, ऊन उतरलं, योगीराज चपला घालायला लागला, तेवढ्यात उमाशंकर म्हणाला, "आरं फौजी, कुठं निघालास? यंदा पेंडी तुझ्या हातानं पेटवायची. देशाचा जवान हाय घरात, आन् पेंडी दुसऱ्यानं का धरावी?"

पाहुणे बघत होते. योगीराजनं आण्णाकडं बघितलं. आण्णानं एवढंच म्हणायचं होतं की जाऊ दे त्याला, काम हाय त्याचं. पाहुण्यांपुढं आण्णाची छाती फुगलेली होती. तो म्हणाला, "घे की. एवढ्या बर्फात बंदूक धरलीस, काडी धरायला भेतोस व्हय?"

सगळे हसले. योगीराजनं काडेपेटी घेतली. एक काडी मोडली, दुसरी मोडली. "आण इकडं," म्हणत उमाशंकरनंच पेंडी पेटवली. लवकर पेटावी म्हणून पाहुण्यांपैकी कुणीतरी बाटलीतलं रॉकेल तिच्यावर ओतलं होतं. भपकन जाळ उठला आणि वारा नेमका कोपीकडं होता. धूर कोपीत शिरला, आणि आतून प्रतीक्षाच्या खोकण्याचा आवाज आला. पोरगी नारळाच्या आशेनं पांडवांपाशी जाऊन बसली होती.

कोपीला आग लागली नव्हती. ठिणगीसुद्धा पडली नव्हती. पण योगीराजनं झेप घेतली ती थेट कोपीवर. पेंड्या उपटून फेकल्या, शाल ओढली, पांडव लाथेनं उडाले, आंबिलाचं गाडगं फुटून सगळं मातीत गेलं. "चेन तोड! नंदीश, चेन तोड!" असा तो ओरडत होता, आणि तो आवाज आण्णानं कधी ऐकलेला नव्हता. पोरीला काढून त्यानं छातीशी असं आवळलं की ती रडायला लागली. मग तो तिला घेऊन नांगरटीत खाली बसला आणि थरथर कापत राहिला.

कस्तुराबाई एकेक पांडव उचलून पदरानं पुसायला लागली. येळवशीला कोप मोडणं म्हणजे वर्षाचा अपशकुन, तोही घरच्या माणसानं मोडलेला. उमाशंकरनं पाहुण्यांकडं बघितलं, पाहुण्यांनी उमाशंकरकडं. त्यांच्या तोंडावर तो शब्द आलेला आण्णाला दिसला. आता कुणीतरी तो बोलणार, आणि एकदा बोलला की तो पोरीच्या लग्नापर्यंत पाठ सोडणार नाही. आणि आण्णा सगळ्यांच्या आधी बोलला.

"पिलाय त्यो. कँटीनची पिलाय सकाळपासनं."

बघा, काय जादू असते! सगळ्यांचा अडकलेला श्वास सुटला. "आरं तिच्या मारी, असं हाय व्हय!" म्हणून उमाशंकर मोठ्यानं हसला. पाहुणे हसले. एक जण म्हणाला, "एकटाच पिलास रं फौजी? आमाला इचारायचं तरी." दारू म्हणजे घरोघरची गोष्ट, तिला कोण भितंय?

योगीराजनं मान वर केली. बापाकडं बघितलं. पोरीच्या केसांतला कडब्याचा पाचोळा काढला आणि शांतपणे म्हणाला, "व्हय. जरा जास्त झाली."

त्या संध्याकाळी घरी येताना आण्णाला हलकं वाटत होतं. हे सांगायची मलाच लाज वाटते, पण खरं तेच आहे. निभावलं, असंच त्याला वाटलं. बैलगाडीच्या मागं अर्पिता चालत होती, ती काही बोलली नाही. बोलली दुसऱ्या दिवशी, डोक्यावरचा पदर सावरून, खाली मान घालून, पण एकेक शब्द ठेचून.

"मामा, फौजेत ह्यांना रम मिळायची, ती बी ह्यांनी कधी घेतली न्हाय, दुसऱ्याला द्यायचे. आजारी म्हणायला जीभ उचलली न्हाय तुमची. आन् दारुडा म्हणायला कशी उचलली?"

"तुला कळत न्हाय," म्हणून आण्णा गोठ्यात गेला आणि म्हशीला उगीचच दोनदा पाणी दाखवलं.

पुढच्या वेळी सोलापूरला जायचं आलं, तेव्हा योगीराज उठलाच नाही. आण्णा पिशवी घेऊन उभा. योगीराज खाटेवरूनच म्हणाला, "पिणाऱ्याला कसला डॉक्टर, आण्णा? गावानं एक नाव दिलंय, त्यात बसलोय म्या. सोलापूरला गेलो की दुसरं निघंल. तुमाला दोन-दोन नावं कशाला?"

तो रागानं बोलला असता तर बरं झालं असतं. त्यानं ते बापाला सांभाळून घेतल्यासारखं सांगितलं, आणि आण्णाला तेच लागलं. गोळ्या संपल्या. झोप पुन्हा गेली. योगीराज जेवताना मधेच हात थांबवून दाराकडं बघत राही. गावातली पोरं रस्त्यानं त्याला "फौजी, एक बाटली!" म्हणत, आणि तो हात वर करून हसे. एक दिवस अर्पितानं विहिरीवरचा दोर काढून घरात आणून ठेवला. का आणला, ते कुणी कुणाला विचारलं नाही. पण त्या दिवसापासून कस्तुराबाई अंगणातच खाटेशेजारी अंथरूण टाकायला लागली.

सव्वीस जानेवारीला शाळेत झेंडा योगीराजच्या हातानं लागायचा, तो घरी आल्यापासूनची ती पद्धत होती. यंदा आदल्या दिवशी उमाशंकर आला. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलला, आणि मग म्हणाला, "आण्णा, राग मानू नका. लेकरांची शाळा हाय. मास्तर म्हणायलेत, यंदा झेंडा दुसऱ्याच्या हातानं लावू."

आण्णानं तोंड उघडलं. तेवढ्यात अंगणातून योगीराज म्हणाला, "बरोबर हाय मास्तरांचं. पिणाऱ्यानं झेंड्याला हात लावू नये." आण्णानं तोंड मिटलं. परत एकदा गप बसला! उमाशंकर गेल्यावर प्रतीक्षा आजोबाच्या मांडीपाशी आली.

"आजोबा, पप्पा दारू पितेत?"

"कोण म्हणतंय गं?"

"वर्गातले सगळे." ती थोडं थांबली. "तुमीच म्हणलाव की, येळवशीला."

त्या रात्री आण्णाला जेवण गेलं नाही. आपण काय केलं ते त्याला पोरीच्या तोंडून कळलं, आणि असं कळलं की स्वतःच्या अंगाचीच त्याला किळस आली. पोरगा तिकडं एका माणसाला सोडून बाहेर आला म्हणून रोज मरत होता. खरं तर तो सोडून आला नव्हता, त्याला ओढून काढलं होतं. आणि इथं बापानं त्याला धडधडीत सोडून दिला होता, चार पाहुण्यांपुढं, कुणी ओढत नसताना.

सकाळी तो धुतलेलं धोतर नेसून शाळेत गेला. झेंडा लागला, गाणं झालं, लेकरांना जिलबी वाटली. माणसं पांगायच्या आत आण्णा उमाशंकरपुढं जाऊन उभा राहिला. चारचौघं होती तिथं, मास्तर होते, श्रीशैल होता. आण्णानं गळ्यातली माळ मुठीत धरली.

"माझं पोरगं पीत न्हाय," तो म्हणाला. "म्या खोटं बोललो. त्याला आजार हाय. मनाचा. फौजेत जोडीदार जळाला त्याच्या डोळ्यांदेखत. आमी सोलापूरला डॉक्टरकडं जातो, कँटीनला न्हाय. साबण स्टँडवरच्या दुकानातला हाय. ही माळ हातात घेऊन सांगतो."

श्रीशैलचं तोंड साबणाच्या नावानं उघडं पडलं. मग उमाशंकरनं आण्णाच्या खांद्यावर हात ठेवला, अगदी मायेनं.

"आण्णा, माळेला कशाला मधी आणता? बापाचं काळीज हाय, पोरावर पांघरूण घालणारच. आमच्यात बी हायत की पिणारे. एवढं मनाला लावून घेऊ नका."

मास्तरांनी मान डोलावली. कुणीतरी आण्णाच्या हातात जिलबीचा कागद दिला. त्याचं खोटं गावानं एका दमात गिळलं होतं, आणि आता खरं सांगतोय तर ते कुणाच्या घशाखाली उतरेना! तो "अहो, ऐका की, खरं सांगतोय," म्हणत राहिला आणि माणसं "व्हय व्हय" म्हणत पांगली. लाज वाटून घ्यायला आलेला माणूस, त्याला तीही कुणी पुरी वाटू दिली नाही.

जिलबी हातात घेऊन तो फाटकाबाहेर आला. कंपाउंडच्या भिंतीपलीकडं योगीराज उभा होता. पोरीचं गाणं ऐकायला आला असेल. आत यायचं नाही म्हणून बाहेरच उभा राहिला होता, टाचा जुळवून, अजूनही तसाच. त्यानं ऐकलं की नाही, हे विचारायची आण्णाला हिंमत झाली नाही. दोघं घरापर्यंत चालत आले.

दुसऱ्या दिवशी आण्णा उठून बघतो तर योगीराज आंघोळ करून, पायात बूट घालून अंगणात उभा. "चला," म्हणाला, "एसटी जाईल."

फाट्यावर श्रीशैलनं चहा दिला आणि विचारलं, "काय आण्णा, कँटी…" मग जीभ चावली आणि आवाज खाली आणून म्हणाला, "डॉक्टरकडं व्हय? दारू सोडवणाऱ्या? बरं केलंव, लई जणांची सुटलीय."

आण्णा ताडकन उठला. "श्रीशैल, म्या काल बोंबलून सांगितलं तुला…"

योगीराजनं त्याच्या मनगटावर हात ठेवला. भाजून आकसलेला तो तळहात, खरखरीत. "राहू द्या आण्णा," तो म्हणाला. "म्या ऐकलं."

आण्णा खाली बसला. चहा तसाच थंड झाला.

एसटी आली. गर्दी होती. कंडक्टर ओळखीचा नव्हता. तो माणसं सरकवत आला आणि म्हणाला, "बोला."

"सोलापूर. माझं अर्धं, ह्याचं पुरं," आण्णा म्हणाला. मग, कुणी विचारलं नसताना, गाडीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "पोराला मनाचा आजार हाय. फौजेत होता. डॉक्टरला दाखवायला जायलोत."

कंडक्टरनं तिकीट फाडून हातात दिलं. "मागं दोन जागा रिकाम्या आहेत," तो म्हणाला, "बसून घ्या." आणि पुढच्या माणसाकडं वळला.

आण्णा तिकीट धरून तसाच उभा राहिला. ज्या शब्दांच्या भीतीनं त्यानं पोरगा विकला होता, ते शब्द बोलून झाले होते, आणि कुणी मान वळवूनसुद्धा बघितलं नव्हतं. एवढंच होतं? एवढ्यासाठी? त्याला रडू आलं, आणि ते कुणाला दिसू नये म्हणून तो खाली वाकून पिशवीत उगीच काहीतरी शोधायला लागला. पिशवी रिकामी होती. योगीराजनं खिडकीची काच पूर्ण उघडली, बापाला खिडकीची जागा न देता मोकळ्या वाऱ्यासाठी स्वतः तिथं बसला, आणि शेजारची जागा हातानं झाडून म्हणाला, "बसा आण्णा."